रुग्णालयात काम करताना आजार जडला तर नुकसानभरपाई कशी मागायची: नाशिकच्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी

रुग्णालयात किंवा लॅबमध्ये काम करताना जडलेला संसर्गजन्य आजार कायदा 'कामावर झालेला अपघात' मानतो. ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते. मुंबई नाक्यापासून गंगापूर रोडपर्यंतच्या खाजगी रुग्णालयांत पेठ, सुरगाणा, कळवणहून आलेल्या कितीतरी मुली नर्सिंग करतात. त्यांच्यापैकी कुणाला क्षय झाला की ती गावी जाते, औषधं घेते, बरी झाली तर दुसरीकडे नोकरी शोधते. भरपाई मागायची असते हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. मी याच शहरात परिचारिका होते आणि आता सहकाऱ्यांना अर्ज लिहून देते. इथे लिहिते आहे ते सिस्टर, मामा, मावशी, लॅब टेक्निशियन, ड्रेसर, सफाई कर्मचारी, रुग्णवाहिका चालक अशा सगळ्यांसाठी.

कायदा काय म्हणतो

मूळ कायदा १९२३ चा, कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० आली. जुन्या कायद्यातल्या बऱ्याचशा तरतुदी त्यात तशाच उतरल्या आहेत, त्यामुळे वकील अजूनही जुन्या नावाने बोलले तर गोंधळून जाऊ नका.

कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य आजारांची यादी आहे. तिच्या 'भाग अ' मध्ये पहिलीच नोंद संसर्गजन्य आजारांची आहे आणि त्यासमोर आरोग्यसेवा व प्रयोगशाळेचं काम लिहिलेलं आहे. 'भाग अ' साठी किमान नोकरीची अट नाही. म्हणजे रुजू होऊन दोनच महिने झाले असतील तरी हक्क आहे. याहून मोठी गोष्ट अशी की हा आजार कामामुळेच झाला असं कायदा धरून चालतो. तो कामामुळे झाला नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची असते.

पण त्याआधी दोन गोष्टी आपल्याला दाखवाव्या लागतात: मी हे काम करत होते, आणि मला हा आजार झाला. त्या कागदावर दाखवाव्या लागतात, आणि तो कागद बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी तयार करायचा असतो.

सुई टोचली, रक्त उडालं: पहिल्या दिवशी काय करायचं

आधी जीव, मग कागद. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. बोट दाबून रक्त काढत बसू नका, ब्लीच किंवा स्पिरिट चोळू नका. डोळ्यात उडालं असेल तर भरपूर पाण्याने किंवा सलाइनने धुवा. लगेच कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांना गाठा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला हवीत. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग धरत नाहीत. कोर्स २८ दिवसांचा असतो. तुमच्या रुग्णालयात ही औषधं नसतील तर त्र्यंबक रोडच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जा. 'सकाळी बघू' म्हणून थांबू नका.

एचआयव्हीची भीती सगळ्यांना असते, पण सुईतून कावीळ बी होण्याचा धोका त्याच्या कितीतरी पट आहे. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के असते. लस न घेतलेल्या माणसाला कावीळ बी च्या रक्ताची सुई टोचली तर हा धोका ६ ते ३० टक्क्यांपर्यंत जातो. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कावीळ बी आणि धनुर्वाताची लस देणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. रुजू होताना आणि त्यानंतर वर्षातून एकदा आरोग्य तपासणी करून तिची नोंद ठेवणंही बंधनकारक आहे. ही नोंद लक्षात ठेवा, पुढे ती फार कामाला येते.

आता कागद. त्याच दिवशी तुमच्या रक्ताची तपासणी झालीच पाहिजे: एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी. त्या दिवशीचा रिपोर्ट निगेटिव्ह आणि नंतरचा पॉझिटिव्ह, इतका भक्कम पुरावा दुसरा नाही. पुढे सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करा. पहिली तपासणी चुकली तर 'आजार आधीपासूनच होता' म्हणायला समोरच्याला वाट मोकळी होते.

दुसरा कागद म्हणजे लेखी कळवणं. मेट्रनना तोंडी सांगितलं, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं, एवढ्यावर थांबू नका. अर्ज असा लिहा:

'प्रति, वैद्यकीय अधीक्षक. विषय: कामावर असताना सुई टोचल्याबाबत. मी मेडिसिन वॉर्डमध्ये स्टाफ नर्स आहे. दिनांक अमुक रोजी रात्री अमुक वाजता, आंतररुग्ण क्रमांक अमुक या रुग्णाचं रक्त घेताना वापरलेली सुई माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीला टोचली. रक्त आलं. जखम साबण-पाण्याने धुतली. त्या वेळी अमुक सिस्टर ड्युटीवर होत्या. माझी तपासणी व आवश्यक ती प्रतिबंधक औषधं रुग्णालयाच्या खर्चाने मिळावीत, घटनेची नोंद अपघात नोंदवहीत करावी आणि तिची प्रत मला द्यावी.'

एवढं पुरे. रुग्णाचं नाव लिहू नका, आंतररुग्ण क्रमांक चालतो. दोन प्रती काढा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. पोच देत नसतील तर त्याच दिवशी ई-मेल करा आणि स्पीड पोस्टने पाठवा. पावती जपून ठेवा.

एक गोष्ट कळकळीने सांगते. असा अर्ज दिला की काही ठिकाणी एक छापील कागद पुढे केला जातो. 'माझ्या निष्काळजीपणामुळे सुई टोचली, रुग्णालयाविरुद्ध माझी तक्रार नाही' असा मजकूर असतो. एका मुलीने माझ्यासमोर ठेवलेल्या कागदावर तर तारखेची जागाही कोरी होती. त्यावर सही करू नका. सही झालीच असेल तरी घाबरू नका, कारण भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्द ठरतो.

प्रतिबंधक औषधांचा खर्च तुमचा नाही. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. हातमोजे वगैरे सुरक्षा साधनं, प्रशिक्षण आणि लागण टाळणारी औषधं त्यानुसार आरोग्य संस्थेनेच द्यायची असतात. लागण झालीच तर या कारणावरून कामावरून काढता येत नाही, तुमची स्थिती जाहीर करता येत नाही आणि न्यायालयात नाव झाकून प्रकरण चालवण्याची विनंतीही करता येते.

क्षयासारखा आजार, ज्याला 'पहिला दिवस' नसतो

क्षयाचं दुखणं वेगळं. जंतू कधी शिरला हे कुणालाच कळत नाही, खोकला महिन्यांनी सुरू होतो. मालकाचा वकील हमखास म्हणणार, 'क्षय तर कुणालाही होतो.' म्हणून इथे पुरावा बाजूने गोळा करावा लागतो.

रुजू होतानाचा छातीचा एक्स-रे किंवा तपासणीचा अहवाल मागा. तो स्वच्छ असेल तर निम्मं काम झालं. मग ड्युटी रोस्टर: गेल्या दीड-दोन वर्षांत मेडिसिन वॉर्ड, आयसीयू किंवा थुंकी तपासणीच्या लॅबमध्ये तुमची ड्युटी किती काळ होती? रोस्टरचे फोटो आधीपासून काढून ठेवण्याची सवय लावून घ्या, कारण जुने कागद नेमके हवे तेव्हा सापडत नाहीत. त्या काळात तिथे क्षयाचे रुग्ण होते हे दाखवायचं असेल तर केस पेपर उचलू नका किंवा त्याचे फोटो काढू नका, गोपनीयतेचा भंग तुमच्यावरच उलटेल. २०१२ पासून प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद सरकारला कळवणं खाजगी रुग्णालयांनाही सक्तीचं आहे. त्यामुळे ही माहिती नोंदींत असतेच. ती मागवून घ्यावी अशी विनंती दाव्यात करता येते.

घरातल्या माणसांची तपासणीही करून घ्या. ती त्यांच्या तब्येतीसाठी करायचीच असते, शिवाय घरात कुणालाच क्षय नसेल तर 'घरातून आला' हा मुद्दा तिथेच पडतो. औषधांना दाद न देणारा क्षय असेल आणि वॉर्डात तशाच प्रकारचे रुग्ण असतील तर ते डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या. उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या दाखल्यात रोगाचं नाव, निदानाची तारीख, तुमच्या कामाचं स्वरूप आणि 'कामाच्या ठिकाणी लागण झाली असण्याची दाट शक्यता' हे चारही मुद्दे हवेत. नुसतं 'अंडर ट्रीटमेंट' लिहिलेली चिठ्ठी पुरत नाही.

रजेच्या अर्जाकडे फार कमी लोक लक्ष देतात. आजारामुळे तुम्ही सलग गैरहजर राहायला लागलात तो पहिला दिवस कायद्याच्या दृष्टीने 'अपघाताचा दिवस' असतो आणि दाव्याची दोन वर्षांची मुदत तिथून मोजतात. म्हणून रजेच्या अर्जावर 'घरगुती कारण' किंवा 'ताप' लिहू नका. आजाराचं नाव आणि तो कामामुळे झाल्याचं स्वच्छ लिहा. मुदत उलटली असेल आणि कारण पटण्याजोगं असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नये.

तुमचा दावा कुठे जातो

इथे बहुतेकांची फसगत होते, म्हणून पगाराची स्लिप हातात घ्या. त्यात ईएसआयची, म्हणजे राज्य कामगार विम्याची, कपात दिसते का?

दिसत असेल, म्हणजे पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि रुग्णालयात दहा किंवा जास्त माणसं असतील, तर तुमचा मार्ग राज्य कामगार विम्याचा. ईएसआयमध्ये असलेल्याला मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. पगार मधेच २१,००० च्या वर गेला तरी चालू सहामाही संपेपर्यंत, म्हणजे सप्टेंबर किंवा मार्चअखेरपर्यंत, विमा चालू राहतो.

ईएसआय नसेल तर मालकाविरुद्ध भरपाईचा दावा.

सिव्हिल किंवा ग्रामीण रुग्णालयात राज्य सरकारच्या कायम नोकरीत असाल तर आधी कार्यालयाकडून 'विशेष विकलांगता रजा' आणि वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती मागा. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये कर्तव्य बजावताना झालेल्या इजेसाठी ही रजा आहे. ती तुमच्या खात्यावरच्या रजेतून वजा होत नाही. कार्यालयीन आदेश, ड्युटी यादी आणि वैद्यकीय मंडळाचा दाखला जोडा.

कंत्राटी कामगारांची अडवणूक सगळ्यात जास्त होते. रुग्णालय ठेकेदाराकडे बोट दाखवतं, ठेकेदार फोन उचलत नाही. कायद्यात ठेकेदाराच्या माणसाला मूळ मालकाकडे, म्हणजे रुग्णालयाकडे किंवा महापालिकेकडे, भरपाई मागता येते. मूळ मालकाने ती आधी द्यायची आणि ठेकेदाराकडून नंतर वसूल करायची. दाव्यात दोघांनाही सामनेवाले करा. सिंहस्थासाठी तात्पुरत्या कामावर घेतल्या जाणाऱ्या आरोग्य आणि सफाई कर्मचाऱ्यांनी नेमणूकपत्राची प्रत, ओळखपत्राचा फोटो आणि पगार बँकेत जमा झाल्याचा पुरावा पहिल्या आठवड्यातच घरी ठेवावा.

ईएसआयचा मार्ग

मालकाने अपघात अहवाल ईएसआयकडे लगेच पाठवायचा असतो. त्याची प्रत मागा. तो पाठवत नसेल तर तुम्ही स्वतः शाखा कार्यालयाला लेखी कळवा. उपचारांसाठी सातपूरचं राज्य कामगार विमा रुग्णालय आहे, आणि लाभाचा पैसा तिथल्या विमा वैद्यकीय अधिकाऱ्याच्या दाखल्यावर मिळतो. बाहेर उपचार घेत असाल तरी या दाखल्यात खंड पडू देऊ नका.

आजारपणाचे दोन वेगळे लाभ आहेत आणि त्यांतला फरक पैशाचा आहे. साध्या आजारपणाचा लाभ पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत, आणि त्यासाठी आधी ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. कामामुळे झालेल्या इजेचा किंवा आजाराचा तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ ९० टक्के मिळतो, बरं होईपर्यंत मिळतो आणि वर्गणीची अट नसते. कार्यालयात 'सिकनेस'चा फॉर्म पुढे आला तर तो निमूट भरू नका. आजार व्यवसायजन्य असल्याचं लेखी सांगा आणि तसा निर्णय मागा. कायमचं नुकसान झालं असेल, उदाहरणार्थ क्षयामुळे फुप्फुसाचा भाग निकामी झाला असेल, तर वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती टक्के घटली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात दरमहा लाभ मिळतो. मृत्यू झाला तर अवलंबितांना दरमहा लाभ असतो.

मालकाने तुमचं नावच ईएसआयला कळवलं नव्हतं असं उघड झालं तरी तुमचा हक्क जात नाही. ईएसआयने लाभ द्यायचा आणि मालकाकडून वसूल करायचा, अशी तरतूद आहे.

मालकाविरुद्ध दावा

आधी नोटीस: मी कोण, काम काय, आजार कोणता, कधीपासून गैरहजर, मागणी किती. वकिलामार्फत द्या किंवा स्वतः, पण स्पीड पोस्टने. भरपाई देय झाल्यापासून महिन्याभरात मिळाली नाही तर १२ टक्के व्याज लागतं, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो.

रकमेचा हिशोब असा. ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने हिशोबासाठीचा मासिक पगार जास्तीत जास्त १५,००० रुपये धरतात. पगार २४,००० असला तरी १५,०००. दावा कराल त्या वेळची मर्यादा मात्र तपासून घ्या. वयानुसार एक गुणक असतो, ३५ व्या वर्षी तो १९७.०६ आहे. मृत्यू झाल्यास पगाराच्या ५० टक्के गुणिले गुणक, म्हणजे ७,५०० × १९७.०६ = १४,७७,९५० रुपये. कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर ६० टक्के, म्हणजे १७,७३,५४० रुपये. कमाईची क्षमता ३० टक्के घटली असेल तर या दुसऱ्या रकमेच्या ३० टक्के, म्हणजे ५,३२,०६२ रुपये. तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला पगाराच्या २५ टक्के मिळतात. उपचारांचा प्रत्यक्ष खर्च याच्या वेगळा मागता येतो, म्हणून औषधांची बिलं फेकू नका. टक्केवारी नोंदणीकृत डॉक्टरांच्या दाखल्याने ठरते आणि साधारण तिथेच दाव्याची रक्कम ठरून जाते, तेव्हा दाखला देणाऱ्या डॉक्टरांना तुमचं काम नीट समजावून सांगा. एका हाताने सलाइन लावता न येणं म्हणजे नर्सच्या कमाईचं काय होतं, हे अपघात विभागाबाहेरच्या डॉक्टरांना आपोआप सुचेलच असं नाही.

नाशिकमध्ये असे दावे कामगार न्यायालयाचे न्यायाधीश आयुक्त म्हणून ऐकत आले आहेत. नव्या संहितेत त्यांना 'सक्षम प्राधिकारी' म्हटलंय. तुम्ही राहता तिथेही दावा लावता येतो, त्यामुळे मुंबईत आजारी पडलेल्या पण आता दिंडोरीला घरी असलेल्या मुलीला मुंबईच्या खेपा घालायची गरज नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचे ड्युटीचे संदेश दाखल करायचे असतील तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. फोन विकू नका, बदलू नका.

समोरून काय म्हटलं जाईल

'तिने वापरलेल्या सुईला टोपण परत लावलं, चूक तिची.' घाईतली चूक हा बचाव नाही. दारूच्या नशेत असणं किंवा सुरक्षेचा स्पष्ट नियम जाणूनबुजून मोडणं मालकाला सिद्ध करावं लागतं, आणि मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वात तेही चालत नाही. सुया टाकायचा पांढरा डबा वॉर्डात भरून वाहत होता किंवा नव्हताच, तर तसं अर्जात लिहा.

'नर्स कायद्याच्या यादीत नाही.' हा मुद्दा गंभीर आहे, हलका घेऊ नका. 'कर्मचारी' कोण यासाठी कामांची एक वेगळी अनुसूची आहे आणि ती रुग्णालयं डोळ्यासमोर ठेवून केलेली नाही. वाहनचालकाला ती थेट लागू होते, बाकीच्यांच्या बाबतीत वाद घातला जातो. व्यवसायजन्य आजारांच्या अनुसूचीत आरोग्यसेवेचं काम नाव घेऊन दिलेलं आहे. कायद्याने आजार मान्य करायचा आणि तो ज्याला होतो त्याला वगळायचं, हा अर्थ टिकणारा नाही, असं माझं ठाम मत आहे. तुमच्या वकिलाने हे उत्तर दाव्यातच मांडून ठेवावं.

'हे पन्नास हजार घ्या आणि मिटवा.' तडजोड करायला हरकत नाही, पण ती प्राधिकाऱ्याकडे नोंदवलेली हवी. मृत्यूच्या प्रकरणात भरपाई प्राधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. घरी येऊन परस्पर दिलेलं पाकीट भरपाई म्हणून धरलं जात नाही.

आशाताईंना सरकार स्वयंसेविका मानतं, कर्मचारी नाही. त्यामुळे वरचा मार्ग त्यांना सरळ लागू होत नाही, आणि हे अन्यायाचं आहे. सध्या त्यांनी निदान जीवनज्योती आणि सुरक्षा विमा योजनांत आपलं नाव चालू आहे का, ते तालुका आरोग्य कार्यालयात विचारून घ्यावं.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगारांनाही मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात आहे, फोनवर १५१०० हा क्रमांक आहे. जाताना नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, पहिल्या दिवसाच्या अर्जाची पोच, सगळे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने आणि रजेच्या अर्जाची प्रत न्या. नेमणूकपत्र दिलंच नसेल तर पगार जमा होतो ते बँकेचं पासबुक भरून न्या.